शेवटचं वाक्य तेवढं आठवत नाही

मुंबई, चैत्र वद्य ३, शके १७८६

चिरंजीव केशवले आजीचा आशीर्वाद.

लेका, मी गोदाबाई. हिवरखेडची. तुझ्या बापाची माय. इतकं खुलासेवार सांगून राहिली, कारण निघताना तू म्हणाला होता, 'आठ दिवसांत पत्र घालतो,' आणि त्याले आता महिना झाला. मले वाटलं पोरगा विसरला असन, आधी ओळख तं करून द्यावी. या मुंबईत तीन वर्ष तुले रांधून घातलं ती बाई तुले आठवते काय? नसन आठवत तं कौशल्येले विचार. ती तुझी बायको आहे.

हे पत्र अब्दुल रहीम लिहून राहिला. आपल्या खालच्या घरातल्या आबेदाबीचा पोरगा. तू त्याच्या दिव्याखाली अभ्यास करायचा, कारण आपल्या दिव्यातलं तेल तू सांडायचा. तो आता शिळाछापखान्यात दगडावर अक्षरं काढते. म्हणते, 'दादी, “मले” नाही, “मला” लिहू का?' मी म्हटलं, बाळापूरचा असून तुले “मला” सुचते काहून? मी बोलीन तसं लिही.

भुसावळपर्यंत आमी कापसाच्या गाड्यांसंगं आलो. गाडीवानांले बाजाराची घाई, रोज आठ कोस हाकायचे. मले कशाची घाई? मी म्हणे, तुमी व्हा पुढं, आमी मागच्यांसंगं येतो. असे चार तांडे पुढं जाऊ दिले. भुसावळले आगगाडीत बसलो, तं तुझी बहीण सुभद्रा दोन टेसनं बोललीच नाही. तिसऱ्याले म्हणे, 'आजी, याले बैल कुठी जुंपले?' इगतपुरीले गाडीनं हात टेकले. घाटात अजून रूळ नाहीत, तिथून छकड्यानं खाली उतरलो आणि खाली दुसरी आगगाडी. उमरखाडीतली आपली जुनी खोली रिकामीच होती. खिळासुद्धा तोच, ज्याले तू पागोटं टांगायचा.

तू म्हणशीन, म्हातारीले फिरून मुंबई कशाले? लेका, तीन वर्ष तू कालेजात होता तं मी काय हिवरखेडले होती? तुले शिकल्याचा कागद मिळाला, मले कोणी विचारलंबी नाही. मीबी इथंच शिकली. म्हणून एकदा सावकाश फिरून पाहायले आली, आणि सुभद्रेले दाखवायले.

तिचं लग्न वैशाख वद्य पंचमीचं, ते मले पाठ आहे. चंद्रभानजीले सांग, पोरगी समुद्र पाहून राहिली. त्यांनी दोन बायका पोचवल्या, तिसरीची वाट पाहायले उमेद असनच.

समुद्र तुले विचारत होता. मी सांगितलं, तो आता अकोल्यात मोठा कारकून आहे, त्याले फुरसत नाही.

---

अकोला, चैत्र वद्य १०

तीर्थरूप आजीचे सेवेसी केशवाचा साष्टांग नमस्कार.

आपले पत्र पावले. पत्र घालण्यास विलंब झाला याची क्षमा असावी. कचेरीत मान वर करण्यास सवड नाही. कापसापायी सारे वऱ्हाड धावत सुटले आहे. काल बाजाराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग अशी लागली की मला कचेरीत पोचण्यास दोन घटका उशीर झाला.

आपण निघताना पंधरा दिवस म्हणून गेलात. वाटेतच आपले वीस दिवस मोडले. आपणास जुन्या दिवसांची ओढ लागली, हे मी समजू शकतो. वयपरत्वे असे होते. परंतु आता मुंबई पाहून झाली असेल, तरी अक्षय्य तृतीयेच्या आत निघावे. घरी हळदी-कुंकवापासून सर्व तयारी आपल्यावाचून अडली आहे. कौशल्या एकटी काय काय पाहणार?

चंद्रभानजींविषयी आपण थट्टेने लिहिता, ते बरे नव्हे. अमरावतीच्या बाजारात कापसाचा भाव त्यांच्या दुकानावर उघडतो. वय अडतीस, म्हणजे काही म्हातारपण नाही. सुभद्रेस अकरावे सरत आले. बाबा असते तर त्यांनीही हेच ठिकाण पाहिले असते. तिचा मी एकटा भाऊ. तिचे हित मी पाहणार नाही, तर कोण पाहील?

आपले गुडघे कसे आहेत? समुद्राची हवा सांध्यांस वाईट, असे ऐकतो.

---

मुंबई, वैशाख शुद्ध २

चिरंजीव केशवले आशीर्वाद.

तुझं पत्र रहीमनं वाचून दाखवलं. तू मले 'आपण' म्हणून राहिला. मी मागं वळून पाहिलं, कोणी साहेब उभा आहे काय म्हणून. लहानपणी तू मले 'ए म्हातारे' म्हणायचा, तेव्हा तुझ्या पोटातलं मले दिसायचं.

गुडघ्याचं तू विचारलं हे बरं केलं. कालपर्यंत बरे होते. तुझं पत्र ऐकलं आणि दोन्ही धरले. आता मले छकड्यात बसवत नाही, म्हणून अक्षय्य तृतीया इथंच होईन. पायी फिरवते, त्याले काही होत नाही. वैद्य म्हणते, फिरा. कोणता वैद्य, ते विचारू नको.

सुभद्रेले इथल्या पोरींच्या शाळेत बसवलं होतं. तीन दिवस बसली. चौथ्या दिवशी म्हणे, 'आजी, ही अक्षरं हालत नाहीत, डोलत नाहीत, मी यांच्याकडं किती पाहू?' माझ्यासारखीच निघाली. आता ती आगगाडी पाहायले जाते आणि शिटी वाजवते, अशी हुबेहूब की परवा एका गोऱ्यानं टोपी सावरली.

कुलाब्याले गेलो होतो. तिथं दर्याच्या काठावर कापसाचे नुसते डोंगर. आपल्या काळ्या मातीचा वास आला मले, इतक्या खाऱ्या हवेत. एक गाठोडं फुटलं होतं. वरून दुधासारखं पांढरं, आत मागल्या सालचा काळपट कचरा. रहीमनं वरची खूण वाचली, तं अमरावतीची, चंद्रभानजीची. मले त्यांची मिशी आठवली. ती वरून काळी आणि मुळाशी पांढरी. माणूस सगळा उलटाच भरला आहे.

आणि तो तुमचा दिवाणखाना पाहिला, जिथं तुमची पोरांची सभा भरायची. तू पहिल्यांदा तिथं निबंध वाचायले उभा राहिला, तेव्हा मी आणि आबेदाबी बाहेरच्या जिन्यावर बसलो होतो. आत एक पोरगा म्हणून राहिला होता, 'सभासद गृहस्थहो, बाजारात बैल घेतेवेळी आपण त्याचे दात पाहतो. परंतु कन्येस वर पाहतेवेळी त्याच्या तोंडात दात किती उरले आहेत, हे पाहावयास कोणी धजत नाही.' काय हसले लोक! टाळ्या काय!

कोण होता रे तो पोरगा? आवाज तुझ्यासारखा होता. तुले आठवलं तं कळवजो.

---

अकोला, वैशाख शुद्ध १४

तीर्थरूप आजीचे सेवेसी साष्टांग नमस्कार.

असे काही मी म्हटल्याचे मला स्मरत नाही. म्हटले असल्यास, विद्यार्थिदशेत मनुष्य पुष्कळ बोलतो. त्या वेळी घर चालविण्याचा भार डोक्यावर नसतो.

आपल्या हट्टामुळे वैशाखातील मुहूर्त चुकला. निमंत्रणे फिरवावी लागली. हिवरखेडच्या भावकीत नाही नाही ते प्रश्न झाले. चंद्रभानजी मोठ्या मनाचे, म्हणून त्यांनी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी मान्य केली. त्यांस दुखवून चालणार नाही. विलायतेहून आमचे कापूस दाबण्याचे यंत्र दिवाळीस येऊन पोचेल, तेव्हा अमरावतीस जागा त्यांचीच लागणार आहे.

आता गुडघे, कंबर, वैद्य यांपैकी कोणतेही कारण न सांगता निघावे. सुभद्रेस आशीर्वाद. तिला शिट्या वाजवू देऊ नये.

---

मुंबई, वैशाख वद्य ८

चिरंजीव केशवले आशीर्वाद.

रहीम वाचून राहिला होता आणि मी शेंगा सोलून राहिली होती. 'आमचे यंत्र' आलं आणि माझा हात थांबला. मी म्हटलं, पुन्हा वाच. त्यानं पुन्हा वाचलं. 'आमचे'च होतं.

असं आहे काय! मले वाटलं तू बहीण देऊन राहिला. तू तं भागीदारी घेऊन राहिला. आधी सांगायचं होतं, मी इतके दिवस बिचाऱ्या चंद्रभानजीच्या मिशीलेच बोलत बसली.

तुले स्मरत नाही म्हणतो. नाही स्मरणार, तू कागदावर लिहिलं होतं. कागदावर लिहिलं की माणूस मोकळा होते, पाहिजे तेव्हा पाहून घेऊ म्हणते. माझ्याजवळ कागद नाही, म्हणून माझ्याजवळ सगळं आहे. तू महिनाभर त्या निबंधाची घोकंपट्टी करायचा, खोलीत चकरा मारत. मी जात्यावर बसायची. तू एक वाक्य म्हणे, मी एक फेरा ओढायची. तुझा निबंध म्हणजे दोन पायली जवारी. आजबी दळायले बसली की पहिल्या मुठीपासून येते. रहीम, लिही:

'कोणी म्हणेल, वर श्रीमंत आहे. तर गृहस्थहो, श्रीमंती ही वयातून वजा होत नाही.'

'कोणी म्हणेल, कन्या नांदावयास जाईल तोवर मोठी होईल. खरे आहे, परंतु तोवर वर लहान होणार नाही.'

'आमच्या वऱ्हाडात कापसाचे बोंड आपोआप फुटेपर्यंत त्यास कोणी हात लावीत नाही. कच्चे बोंड वेचणारास लोक अडाणी म्हणतात. मग घरची कन्या कच्ची असता जो तीस देऊन टाकतो, त्यास शहाणा कोणत्या न्यायाने म्हणावे?'

हे बोंडाचं वाक्य माझं आहे, केशव. तू अडला होता, म्हणे, 'आजी, इथं काहीतरी पाहिजे.' मी चुलीपुढून सांगितलं. तू त्याले 'न्यायाने' जोडलं आणि सगळ्यात मोठ्या टाळ्या तिथं पडल्या. मी जिन्यावर होती, मले काही मिळालं नाही. तुले निबंध नको झाला असन तं माझं वाक्य परत दे.

शेवटी तू आणखी एक काही म्हणाला होता. आवाज बारीक झाला होता तुझा. ते शेवटचं वाक्य तेवढं आठवत नाही. वय झालं, तूच म्हणतो नं.

आता ऐक. रहीमच्या छापखान्यात एक दगड रिकामा आहे. तो म्हणते, 'दादी, शंभर कागद काढतो.' तू लग्न कर. खुशाल कर. मी पोट्टीले घेऊन वेळेवर येईन, आणि अक्षता वाटतात तसा पंगतीत एकेक कागद वाटीन. भटजींचे मंगलाष्टक झाले की उरलेले मी म्हणीन. मले तोंडपाठ आहे.

---

अकोला, ज्येष्ठ शुद्ध ३

तीर्थरूप आजीचे सेवेसी.

काहीही छापू नये. अब्दुल रहीमला माझी शपथ घालावी.

मी स्वतः येत आहे. कचेरीतून रजा मिळाली. मुंबईत दोन दिवस राहीन आणि सुभद्रेस व आपणास घेऊन परत फिरेन. ज्येष्ठातील द्वादशी आता साधत नाही, आषाढ शुद्ध षष्ठी हा शेवटचा मुहूर्त आहे. एकादशीनंतर देव झोपतात, मग कार्तिकापर्यंत लग्न नाही, आणि चंद्रभानजी तोवर थांबणार नाहीत, हे त्यांनी स्वच्छ सांगितले आहे. सामान बांधून ठेवावे.

---

मुंबई, ज्येष्ठ वद्य ७

चिरंजीव केशवले आशीर्वाद.

दोन दिवसांची धोतरं घेऊन आला आणि नऊ दिवस राहिला. मी काही तुले बांधून ठेवलं नव्हतं. मी फक्त म्हणायची, आलाच आहे तं अमुक एक पाहून घे. तू पहिल्या दिवशी जोडे न काढता बोलून राहिला होता. तिसऱ्या दिवशी रहीमसंगं बंदरावर जाऊन भिजून आला. पाचव्या दिवशी तुमच्या दिवाणखान्यातल्या बाकाखाली तू कोरलेलं तुझं नाव सुभद्रेले दाखवलं. सातव्या दिवशी दुपारी तू खोलीत घोरत होता, तोंड उघडं टाकून, अगदी विसाव्या वर्षी घोरायचा तसा. मी आबेदाबीले म्हटलं, पाह्य, माझा पोरगा आला. कालपर्यंत कोणी कारकून येऊन राहिला होता.

आणि मंग नवव्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर पोट्टीनं निबंध म्हटला. मी तिले शिकवला, हो. जात्यावरच शिकवला. तो कोणाचा आहे हे तिले सांगितलं नव्हतं. ती बैलाच्या दातापासून बोंडापर्यंत आली आणि थांबली, कारण मी तिथवरच सांगितलं होतं. आणि पुढचं वाक्य तू बोलला. पोट्टी म्हणे, 'दादा, तुले कसं येते?' तू जोडे घातले आणि निघून गेला. दिवे लागल्यावर आला. सकाळी आमाले न घेता, एक शब्द न बोलता आगगाडीनं गेला.

काय ठरवून गेला, मले माहीत नाही. षष्ठीच्या आत वऱ्हाडात पोचायले आमाले आता वेळ नाही, हे खरं. पण तू चंद्रभानजीले इकडं घेऊन येणार असशीन, मुंबईतच लग्न लावणार असशीन, तं माझं आधी ऐकून ठेव. मी तुले एकदाच सांगते, पुन्हा सांगणार नाही.

मी नऊ वर्षांची होती. तुझा आजा चौतीसचा, दुसरेपणाचा. भला माणूस होता, माझ्यासाठी बाजारातून बत्तासे आणायचा. नवरा बत्तासे आणते म्हणून मी त्याले काका म्हणायची, सासू मारायची. एकवीसची झाली आणि तो गेला. कडेवर तुझा बाप. तेव्हापासून एक्केचाळीस वर्ष मी अशी आहे. रडत नाही बसली, तुले माहीत आहे. शेत केलं, माणसं सांभाळली, तुझा बाप पटकीनं गेला तेव्हा तुमा दोघांले सांभाळलं. पण मले कोणी विचारलं नव्हतं, आणि माझ्यासाठी दारात आडवं कोणी झालं नव्हतं.

सुभद्रेसाठी मी आहे. दारात आडवी पडीन. चंद्रभानजीले मले ओलांडून यावं लागन, आणि त्यांच्या वयाले पाय तेवढा उचलते काय, ते पाहून घे.

त्या संध्याकाळी तू काय बोलला ते मी रहीमले लिहायले सांगत नाही. मले आठवते. मले पहिल्यापासून आठवत होतं. ते तुझ्या हातानं लिहून पाठव.

---

अमरावती, आषाढ शुद्ध ३

आजी,

तुझे पत्र मला अकोल्यास मिळाले. ते खिशात घालून तसाच पुढे अमरावतीस आलो. पाऊस लागला आहे. काळ्या मातीतून गाडी निघत नाही म्हणून तट्टावर आलो. बडनेऱ्याच्या अलीकडे दोनदा चिखलात पडलो. हे तू आबेदाबीला हसून सांगशील, ठाऊक आहे. सांग.

तू म्हटलेस, माझ्या हाताने लिही. लिहितो.

'इतरांच्या घरचे मी सांगत नाही. माझ्या घरी एक बहीण आहे, ती पाच वर्षांची आहे, आणि तिच्या बाबतीत ही गोष्ट मी होऊ देणार नाही, असे या सभेपुढे वचन देतो.'

मला ते खरेच आठवत नव्हते, आजी. तुला वाटेल मी सोंग करीत होतो. वैशाखात पत्र लिहिले तेव्हा करीत होतो, बैलाचे दात मला आठवत होते. पण हे वाक्य मी असे पुरून टाकले होते की जागाही विसरलो होतो. सुभद्रा थांबली आणि ते माझ्या तोंडून आपोआप आले. ती माझ्याकडे पाहत होती. मी बंदरावर जाऊन बसलो. भरतीचे पाणी पायरीवर आले तरी उठलो नाही. तुला काही न बोलता निघालो, कारण बोललो असतो तर तू मला शाबासकी दिली असतीस, आणि मी अजून काहीच केले नव्हते.

आज सकाळी चंद्रभानजींच्या दुकानात गेलो. गादीवर ते, समोर आठ-दहा व्यापारी, भाव उघडायची वेळ. मी त्यांना बाजूस बोलावणार होतो. ते म्हणाले, 'देशमुख, इथंच बोला, घरचीच माणसं आहेत.' मग मी तिथेच सांगितले, सुभद्रा द्यायची नाही.

ते म्हणाले, 'काहून? आमच्यात काय खोट दिसली?'

आजी, मला चांगले सभ्य उत्तर देता आले असते. वाटेत तट्टावर मी तीन तयार केली होती. पण तोंडातून निघाले ते, 'बाजारात बैल घेतेवेळी आपण त्याचे दात पाहतो...' पुढचे सगळे. समोरच्या एका व्यापाऱ्याला ठसका लागला. चंद्रभानजींनी तोंड मिटले, आणि मी उठेपर्यंत ते उघडलेच नाही. शेवटी दात दाखवायचे नाहीत म्हणून ओठांच्या फटीतून म्हणाले, 'मंग यंत्रातबी तुमचं काही नाही.' मी म्हटलं, नाही तं नाही.

तर मी कारकूनच राहणार. कौशल्येस पत्र लिहिले आहे. ती काय म्हणेल कोण जाणे. बहुधा तीही तुझ्याच बाजूची असेल, तुझे सामान तिनेच बांधून दिले होते, हे मला आता सुचते. भावकी बोलेल. बोलू दे.

अब्दुल रहीमला शपथ घातली होती ती मी परत घेतो. कागद छाप म्हणावे. माझे नाव घाल. शेवटच्या वाक्यासकट. आणि बोंडाच्या वाक्यापुढे, हे गोदाबाईंचे, असे घाल.

ए म्हातारे, तू आता कधी येशील?

---

मुंबई, आषाढ शुद्ध ११

चिरंजीव केशवले आशीर्वाद.

आज एकादशी. देव झोपले, मुहूर्त झोपले, चंद्रभानजीची मिशी आता कार्तिकात रंगवली तरी चालन. रहीमनं तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, नको, आता मले पाठ झालं.

दोनदा चिखलात पडला, ते मी आबेदाबीले सांगितलं. तीनदा सांगितलं.

जास्त फुगू नको. आपल्या घरचं आपण केलं, काही रावण नाही मारला. सुभद्रेले सांगितलं, तुझं लग्न मोडलं. ती म्हणे, 'मंग आगगाडीत मागं कधी बसायचं?' तेवढंच विचारलं. तिचं लग्न करू, करणार नाही असं कोण म्हणते? बोंड फुटू दे. आणि पोरगा असा पाह्य, ज्याले तिनं शिटी वाजवलेली चालन.

सामान कौशल्येनं बांधलं हे तुले आता सुचलं? लेका, गाडीबी तिनंच ठरवली होती. कारकून राहशीन तं डोळे उघडे ठेवून राहा.

कागद छापून आले. शंभर. दिवाणखान्यातल्या सभेत साठ वाटले, पोरं मोठ्यानं वाचून राहिली होती. चाळीस घेऊन येईन, अमरावतीच्या बाजारासाठी. माझं नाव कुठं आहे ते रहीमनं बोट ठेवून दाखवलं. बारीक आहे. तुझं मोठं आहे. पुढच्या वेळी पाहू.

येण्याचं म्हणशीन तं रस्ते वाळल्याबिगर नाही. दसऱ्याले निघू, सावकाश. चार तांडे पुढं जाऊ देऊ. तोवर मले इथं अजून पुष्कळ पाहायचं आहे, आणि तुले सुट्टी मिळाली तं न्यायले येजो. पण नऊ दिवसांची धोतरं आणजो.

आता कामाचं. इथला तांदूळ खाऊन जीव कंटाळला. उघडीप पडली की भुसावळकडं येणाऱ्या कोणाच्या तरी हाती, कौशल्येनं उन्हाळ्यात केलेले जवारीचे बिबडे पाठवजो, वाळवलेली अंबाडी आणि जवसाची चटणी. चटणीत लसूण नको, मले आता चार महिने चालत नाही. पोट्टीसाठी वेगळी लसणाची पुडी बांधजो. बिबडे जाड पाहून निवडजो, पातळ चुरतात. कडक असले तरी चालन म्हणा, इथं खाणाऱ्या सगळ्यांचे दात शाबूत आहेत.